बाबांचा उजवा हात

४ फेब्रुवारी

प्रिय ठोक्या,

ताईचे आशीर्वाद. एक शिवीसुद्धा आहे, पण ती शेवटी देते, नाहीतर पत्र अर्ध्यातच टाकून देशील.

तुझी पेटी आली. पेटी कसली, खोलीच ती! सहा जणांनी दोर लावून धक्क्यावर ओढली. पुतळा समितीचे अध्यक्षसाहेब नुसतेच "सांभाळून, सांभाळून" करत मागेपुढे फिरत होते. आता ती खडकाशेजारच्या गोदामात आहे आणि किल्ली साहेबांच्या खिशात. अनावरणापर्यंत कुणी बघायचं नाही म्हणे. मी म्हटलं, अहो, माझा बाप आहे आत. तर म्हणाले, "ताई, आता ते एकट्या तुमचे राहिले नाहीत, अख्ख्या बेटाचे झाले." जिवंत होते तेव्हा बेटाने त्यांना एक धड रेनकोट दिला नाही, ते जाऊ दे.

खरी बातमी पुढे आहे. मी सुटले रे! पुतळा उभा राहील त्याच दिवशी खडकावर लाल-हिरवा दिवा सुरू होणार आणि खूण करणाऱ्याची जागा कायमची बंद. साहेबांनी तसं लेखी दिलंय. कागद मी डब्यात ठेवलाय आणि दिवसातून दोनदा काढून वाचते. सुईला लगेच कळवलं. शाळेतली माझी सुई आठवते ना, वाऱ्याने उडेल अशी? तिचं तिकडे पुस्तकबांधणीचं दुकान आता बरं चाललंय. शिवायला, घड्या घालायला हाताखाली भरवशाचं माणूस हवंय तिला. एक जूनपर्यंत जागा धरून ठेवते म्हणाली, त्यापुढे नाही, तिलाही काम उरकायचं असतं. दुकानामागे एक खोली आहे. खिडकी आहे, पण ती भिंतीकडे उघडते. तिला वाटलं मी नाक मुरडेन. मला तर ऐकूनच रडू आलं. समुद्र न दिसणारी खोली! एक्कावन्न वर्षांत मी तशा खोलीत एकदाही झोपलेले नाही.

काल दिवा बसवणारा इंजिनिअर आला होता. त्याला आपल्या खुणा समजावताना माझीच मला गंमत वाटली. म्हटलं, ह्या दोन खडकांमधल्या फटीला आम्ही दार म्हणतो. भरतीला पाणी असतं तेव्हा होड्या जातात-येतात. ओहोटीला खालचे दगड वर येतात आणि होडीचं पोट फाडतात. म्हणून उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत इथे माणूस लागतं. उजवा हात सरळ वर, म्हणजे दार उघडं. दोन्ही हातांची छातीवर फुली, म्हणजे बंद. वर असलेला हात खाली आला, तर बंद होतंय, आहात तिथेच थांबा. संपलं शास्त्र. तो म्हणाला, "आणि एवढ्यासाठी तुम्ही बावीस वर्षं इथे?" काय सांगणार त्याला, की बाबा गेल्यावर "ताई, तेवढा महिनाभर बघा" म्हणून उभी केली होती मला!

नमुन्याच्या फोटोत तू बाबांचे हात पाठीमागे बांधलेले दाखवले होतेस, ते मला फार आवडलं. काम संपल्यावर ते तसेच उभे राहायचे.

आता शिवी. अनावरणाला ये, मेल्या. बाबा गेले तेव्हा दोन दिवस तोंड दाखवून गेलास, त्यानंतर नाही. सव्वीस वर्षांत दोन दिवस!

तुझी,
ताई

१५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सुटलीस हे वाचून इतका आनंद झाला की कारखान्यात भट्टीवाल्याला मिठी मारली. त्याला वाटलं मी प्यायलोय.

मला येता येणार नाही. रागावू नकोस. इथे एका संस्थेच्या चिटणिसांचा अर्धपुतळा अडकलाय. स्वारीला स्वतःची हनुवटी पसंत पडत नाही. तिसऱ्यांदा बदलतोय. एवढी वर्षं मी हेच केलं, ताई. चिटणीस, खजिनदार, कापडदुकानातल्या बाहुल्या. बाबा हे माझं पहिलं खरं काम. चार वर्षं शाळिग्रामासारखं जपलेलं. लोकांना कसं वाटलं ते नीट लिही, काही लपवू नकोस.

हो, मूळ नमुन्यात एक लहानसा बदल केलाय. समितीला दाखवला होता, त्यांना आवडला. तुला बघितल्यावर कळेलच.

सुईला माझा नमस्कार. लहानपणी तिच्या वेणीला मी माती लावली होती, ते ती विसरली असेल अशी आशा.

तुझा,
ठोक्या

२ मार्च

ठोक्या,

लहानसा बदल म्हणालास? लहानसा?

पहिल्यापासून सांगते. मागच्याच्या मागच्या रविवारी अनावरण झालं. सगळं बेट खडकावर आणि धक्क्यावर. साहेबांनी दोरी ओढली आणि कापड खाली आलं. बाबाच रे! तीच वाकलेली मान, तीच कानावर आलेली टोपी, कोटाचं वरचं बटण तुटलेलं तेसुद्धा. माझ्या शेजारी मुका होडीवाला होता. तोच तो, एकदा बोलायला लागला की कुणाच्या बापाला ऐकत नाही. त्याने टोपी काढली आणि पाच मिनिटं खरोखरच मुका झाला. मी तर तोंडात रुमाल कोंबून उभी होते.

मग माझी नजर वर गेली. उजवा हात सरळ वर.

लोक टाळ्या वाजवत होते. साहेब भाषणात म्हणाले, "हा हात साऱ्या जगाचं स्वागत करतोय." मी मात्र टाळी वाजवली नाही. कारण त्या वेळी ओहोटी लागली होती, दार बंद होतं, आणि बाबा उघडं आहे म्हणून सांगत होते. आयुष्यात एकदाही त्यांनी खोटी खूण केली नव्हती.

मी साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं. ते हसले. "ताई, तो पुतळा आहे. होडीवाले काय दुधखुळे आहेत? खाली दिवा आहे ना!"

दिवा आहे. पण बघतो कोण? तीन पिढ्या ह्यांची नजर खडकावरच्या माणसाकडे जाते. अर्ध्या मैलावरून, तोंडावर पाणी उडत असताना, त्यांना फक्त एवढंच दिसतं, की म्हातारा उभा आहे आणि हात वर आहे. आठव्या दिवशी कांदेवाल्याची होडी भर ओहोटीत सरळ आत आली आणि खालून फाटली. माणसं वाचली, कमरेइतक्याच पाण्यात होती. दोन दिवस बेटाभोवती कांदे तरंगत होते, बायका टोपल्या घेऊन वेचत होत्या. त्याला विचारलं, दिवा लाल होता, दिसला नाही? म्हणतो, "दिसला. पण बाबांनी हात केला होता ना." मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. डोक्याला कळतं रे, वल्ह्यावरच्या हाताला कळत नाही.

काल साहेबांचं पत्र आलं. "पर्यायी व्यवस्था होईपर्यंत आपण पूर्ववत कामावर राहावे." डब्यातल्या कागदावर आता हा कागद.

हात का वर केलास, ते लिही.

ताई

१२ मार्च

प्रिय ताई,

कांदेवाल्याचं ऐकून वाईट वाटलं. पण थोडं थंड डोक्याने घे. नवी गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो. महिन्या-दोन महिन्यांत सगळे दिव्याकडे बघायला शिकतील. तोवर ओहोटीच्या वेळी हाताला एक पोतं अडकवलंस तर? लांबून हात दिसणार नाही, काम भागेल.

एक चांगली बातमी. फोटो पेपरात आल्यापासून दोन गावांच्या समित्या भेटून गेल्या. एकांनी तर विचारलं, "असाच हात वर केलेला आमच्याकडे उभा कराल का?" ताई, मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. पहिल्यांदा कुणीतरी माझ्या दारात येऊन बसलंय. आता जर कळलं की पुतळ्यात चूक आहे आणि हात बदलावा लागतोय, तर माझं नाव मातीत मिळेल. एवढा हंगाम काढ. माझ्यासाठी.

सुई थोडं थांबेल गं. मैत्रीण आहे तुझी.

ठोक्या

६ एप्रिल

ठोक्या,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. तू कांद्यांबद्दल लिहिलंस, दोन गावांबद्दल लिहिलंस. मी विचारलेल्या प्रश्नाला हातसुद्धा लावला नाहीस.

पोत्याचं ऐक. रोज ओहोटी लागली की शिडी लावायची, बापाच्या खांद्यावर चढायचं आणि हातात पोतं घालून सुतळी आवळायची. भरती आली की पुन्हा चढायचं, पोतं काढायचं. गुडघे माझे एक्कावन्न वर्षांचे आहेत, ते पुतळ्याचे नाहीत. तरी पंधरा दिवस केलं.

पण आता हात म्हणजे बेटाचा जीव की प्राण. बेकरीवाल्याच्या खोक्यावर हात. शाळेच्या बिल्ल्यावर हात. तिकिटावर हात. न्हाव्याने आरशावर हात रंगवून घेतलाय, गिऱ्हाईकाला वाटतं आपल्यालाच चापट बसणार. बाहेरची माणसं येतात, खडकावर उभी राहून तसाच हात वर करून फोटो काढतात. ओहोटीतसुद्धा! एकदा दहा जण रांगेत हात वर करून उभे, आणि समोरून होडी. मी किंचाळत धावले, तर माझाच फोटो काढला.

मग एका पाहुण्याने तक्रार केली, पोतं घातलेला पुतळा बघायला एवढ्या लांब आलो का? सभा भरली. मला बोलावलं. बेकरीवाला, ज्याच्या होडीला बाबांनी शंभर वेळा वाट दाखवली, तो उठून म्हणाला, "पोतं म्हणजे म्हाताऱ्याचा अपमान आहे. आणि पोटच्या पोरीनेच करावा?" लोकांनी माना डोलावल्या. मी एवढंच म्हटलं, "मग काढून टाका हात." सभेत जणू मी कुणाचा गळा कापायला सांगितला. पोत्याला बंदी. हाताला हात लावायचा नाही. आणि ताईंनी "नेहमीप्रमाणे" खडकावर उभं राहायचं.

म्हणजे आता चित्र असं, की वर बाप म्हणतो दार उघडं, आणि खाली लेक छातीवर फुली करून म्हणते बंद. होडीवाले गोंधळतात, पण निदान थांबतात तरी. दुपारी पाहुणे माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, "ह्या कोण?" वाटाड्या सांगतो, "त्यांची मुलगी. त्या इथेच असतात." इथेच असतात! मी पितळेची असते तर निदान कुणी पुसून तरी काढलं असतं.

मी कुणावर ओरडू सांग. साहेब गोड बोलतात. लोक घरी खायला आणून देतात. एकही जण वाईट नाही. आणि मला श्वास घेता येत नाहीये.

सुईचं पत्र आलं. एक जून म्हणजे एक जून. तिचं बरोबर आहे.

पुन्हा विचारते. समितीने पाठीमागचे हात पसंत केले होते. मग हात वर कुणी केला?

ताई

२० एप्रिल

प्रिय ताई,

मी केला. समितीला कळवलं सुद्धा नव्हतं. ओतकाम झाल्यावर फोटो पाठवला, त्यांना काय, आवडलाच. मी तुझ्याशी खोटं बोललो.

मातीत पाठीमागचे हात पुरे झाले होते. पण बाबा जिवंत होईनात. नाक बरोबर, टोपी बरोबर, आणि तरी कुणीतरी खजिनदार उभा असल्यासारखं. मग एके दिवशी मी तो उजवा हात कापला आणि वर लावला. तत्क्षणी ते माझ्याकडे बघायला लागले.

तुला तो दिवस आठवतो? मी सतरा वर्षांचा. आदल्या दिवशी बाबांशी कडाक्याचं भांडलो होतो. खडकावर मी उभा राहणार नाही, मला मूर्ती करायच्यात, म्हणून. ते एक शब्द बोलले नाहीत. सकाळी मुक्याच्या होडीत बसलो. दारातून बाहेर पडेपर्यंत बाबांचा हात वर होता, ते ठीक, तो नियमच. पण आम्ही दार ओलांडलं. आता खुणेची गरज नव्हती. तरी हात खाली आला नाही. होडी लांब गेली, माणूस काडीएवढा झाला, तरी हात वर. मी ओळखलं. बाबा मला परत बोलवतायत. आत ये, दार उघडं आहे. आणि मी वळून बसलो, ताई. पाठ केली.

सव्वीस वर्षं तो हात माझ्या मागे आहे. म्हणूनच येत नाही मी. धक्क्यावर उतरलो की पहिला खडक दिसतो.

म्हणून तो हात मी काढू शकत नाही. कसा बसवलाय तेही सांगून टाकतो, म्हणजे तुझ्यापासून काही लपवलं नाही असं होईल. हात वेगळा ओतलाय. खांद्याच्या बाहीत सरकवून कॉलरखाली तीन बोल्टांनी आवळलाय, वर मेण आणि रंग. साधा पाना पुरतो. पण तू तसं करू नकोस. बाबांचा हात आहे.

ठोक्या

९ मे

ठोक्या,

अक्षर वाईट आहे, कारण कागद धरायला डावा हात नाही. मनगट मोडलंय. तुमच्या धंद्यातलं प्लास्टर माझ्या हाताला.

झालं असं. मंगळवारी प्रवासी होडी आली, अकरा माणसं, नवा नाववाला. मी फुली करून उभी होते, त्याने वर बघितलं, माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ आत. मी डोक्याचा रुमाल काढून हलवत खडकाच्या टोकापर्यंत धावले आणि घसरले. मला पडताना बघून तो थांबला. त्यामुळे अकरा माणसं वाचली. लोक म्हणाले, बाबांची पुण्याई. बाबांची! ज्यांच्या हाताने त्यांना आत बोलावलं त्यांची!

आता एका हाताने फुली होत नाही. साहेबांनी मला एक लाल निशाण दिलंय. निशाण लांबून कुणाला दिसत नाही, पण मी उभी आहे म्हणून त्यांना झोप लागते.

आता ऐक. हे मी सव्वीस वर्षं दाबून ठेवलं आणि ते माझं पाप आहे.

तू गेलास तेव्हा मी बाबांच्या शेजारी उभी होते. तुमची होडी दारातून निघून गेली. मी म्हटलं, बाबा, हात खाली घ्या, गेला तो. ते म्हणाले, "तो वळून वळून बघतोय. आत्ता हात खाली घेतला तर त्याला वाटेल, दार बंद झालं. जाऊ दे त्याला. निवांत जाऊ दे." तू दिसेनासा होईपर्यंत हात वर होता. मग दोन दिवस खांदा दुखतो म्हणून माझ्याकडून तेल चोळून घेतलं.

ते तुला बोलवत नव्हते रे. तुला सोडत होते.

मी सांगितलं नाही, कारण मला राग होता. तू सुटलास तर खडकावर मी जाणार, हे मला त्या क्षणी दिसत होतं. वाटलं, ह्याला निदान बोचत तरी राहू दे. बोचत राहिलं म्हणून तू दर महिन्याला पत्रं लिहीत गेलास, आणि मी ती पत्रं धरून राहिले. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. आणि बघ, त्या बोचणीचा तू पितळेचा हात केलास आणि माझ्याच डोक्यावर उभा केलास. कुणाला दोष देऊ?

पाना घेऊन मी एकदा चढले होते. कॉलरखाली बोटं घातली, बोल्ट लागले. नाही झालं माझ्याच्याने. ज्या हाताने तुला सोडलं, तो मी कसा काढू?

पण मला कुणी सोडायचं, सांग. सगळ्यांना दार उघडून देणारी मी. माझी होडी निघेल तेव्हा खडकावर कोण?

ताई

१३ मे

ताई,

तीन बोल्ट. अठराचा पाना. माझ्याकडे आहे.

शुक्रवारच्या होडीने येतोय. सुईला लिही, जागा सोडू नकोस म्हणून. पेटी भरायला घे. समुद्राकडे बघायचं काही घेऊ नकोस.

ठोक्या

८ जून

प्रिय ताई,

एकतीस मेला तू गेलीस. आज आठ जून. पोचल्याचं पत्र नाही. मुका रोज होडीतून ओरडून सांगतो, "नाही आलं!" आणि मग तुझ्या पत्र न येण्याची आठ कारणं सांगतो.

इथे काय काय झालं ते लिहितो, कारण तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

हात काढला तेव्हा तू खाली शिडी धरून होतीस, पण वर बघत नव्हतीस. म्हणून तुला माहीत नाही, की तिसरा बोल्ट निघताना मी हात छातीशी धरला होता आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा हलका निघाला. आतून पोकळच असतो ना. माझाच धंदा, आणि मीच विसरलो होतो.

सभेची सुरुवात तू ऐकलीस, आता पुढचं ऐक. "बेटाची ओळख मोडली", "मूर्तिकारच वेडा झाला". त्या दोन गावांनीही नको म्हणून कळवलं. मी सभेला म्हटलं, हात परत बसवतो, पण खांद्यात सांधा घालून. भरतीला वर करायचा, ओहोटीला खाली. बाबा करायचे तसा. साहेब म्हणाले, कल्पना उत्तम, समितीपुढे ठेवू. ती समिती कधी बसणार ते कुणाला ठाऊक नाही. "तोपर्यंत," साहेब म्हणाले, आणि ताई, मला तुझा डबा आठवला, "तोपर्यंत खडकावर तुम्हीच बघा. मोडलंत तुम्ही, आता उभे राहा तुम्ही."

म्हणून मी उभा आहे. सकाळ-संध्याकाळ, ओहोटी-भरती. एका हाताचे बाबा मागे, दोन हातांचा मी पुढे. पहिल्या आठवड्यात पाय सुजले. तू तिथे बावीस वर्षं कशी राहिलीस हे मी विचारणार नाही, लाज वाटते. दिवस संपता संपत नाही. काल एका पाहुण्याने विचारलं, "हे कोण?" वाटाड्या म्हणाला, "त्यांचा मुलगा. इथेच असतात." पळून जावं वाटतं, आणि जाणार कुठून? दार दाखवणारा मीच.

मी तक्रार करत नाहीये. म्हणजे करतोय, पण तुझ्याकडे नाही.

तुझ्या होडीचं सांगतो. भरती पुरी होती. तू पाठीला पेटी टेकून बसली होतीस, प्लास्टरचा हात मांडीवर. मी हात वर केला. तुम्ही दार ओलांडलंत. मुका आत बडबडत होता ते मला दिसत होतं. तू एकदाच वळून बघितलंस आणि मला वाटलं, हात खाली घेतला तर हिला वाटेल बंद झालं. मी घेतला नाही. तू काडीएवढी झालीस. मग दिसेनाशी झालीस. साहेब खालून ओरडले, "अहो, गेल्या त्या, घ्या हात खाली!" मला घेता येईना. खांदा अजून दुखतोय. तेल चोळणारं कुणी नाही.

पोचलीस ना, एवढंच लिही.

ठोक्या

२३ जून

प्रिय ठोक्या,

आशीर्वाद. आज शिवी नाही.

पोचल्याचं पत्र मी रोज लिहायला बसत होते. पण खरं सांगू, मी पोचलेच नव्हते. खोली छान आहे. खिडकीतून भिंत दिसते, विटांची, एका विटेवर कुणीतरी चुन्याचा ठिपका दिलाय. सुई बोलते कमी आणि काम चोख करते. प्लास्टर निघालं. पानांच्या घड्या घालायच्या, सोळा-सोळाचे गठ्ठे करायचे, दाभणाने भोकं पाडायची, दोरा ओवायचा. तुझी वेणीतली माती तिला आठवते, तुला सांगायला सांगितलंय.

पण पहिले तीन आठवडे, हातात दाभण असायचं आणि एकाएकी मी उठून उभी राहायचे. घड्याळात बघायचं कामच नाही, अंगालाच कळायचं, आता पाणी चढलं, आता उतरायला लागलं. भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर, छातीवर हातांची फुली. सुई खुर्ची मागे सरकवून द्यायची, म्हणजे मला परत बसता येईल.

तुझं पत्र वाचून रात्रभर वाटत राहिलं की निघावं, परत जावं, ह्याला सोडवावं. पेटीसुद्धा काढली. मग परत ठेवली. मी येणार नाही, ठोक्या. रागाने नाही लिहीत. माझ्याच्याने होणार नाही, एवढंच. सांध्याचा हात लवकर कर. समितीची वाट बघू नकोस, बसवून टाक आणि मग विचार. एवढं तुला जमतं, मला माहीत आहे.

तोवर कामाचं सांगते. खडकाच्या डाव्या टोकाला एक खोलगट जागा आहे, तिथे टाच ठेवलीस तर पाय सुजत नाहीत. दुपारी टोपीखाली ओला रुमाल ठेव. मुक्याला रोज एक प्रश्न विचारत जा, दोन तास निघून जातात. खोबरेलाची बाटली मागच्या खोलीत फळीवर आहे, बाबांचीच. डाव्या हाताने उजवा खांदा चोळता येतो, भिंतीला पाठ लावून बसलास तर.

आता पत्र का लिहिते ते. काल एक जाड पुस्तक शिवत होते, सत्तावीस गठ्ठ्यांचं. शेवटची गाठ मारली, दोरा तोडला आणि वर बघितलं, तर सुईने दिवा लावला होता. संध्याकाळ झाली होती. भरती कधी आली आणि कधी गेली, मला कळलंच नाही.

मी पोचले. आता हात खाली घे.

तुझी,
ताई